दस्त्यावरचा खडू

बंदुका दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला गल्लीत सगळे ‘तेलकमी’ म्हणत. गिऱ्हाइकाने शिकारीची बंदूक टेबलावर ठेवायचा अवकाश, हा ती उचलणार, हुंगणार, तोंड वाकडं करणार आणि म्हणणार, “तेल कमी! बंदूक आहे ही, तुमचं टक्कल नाही.” शेजारच्या वहिनींकडे तळणीचा वास सुटला तरी खिडकीतून हेच. वहिनीही काही कमी नव्हत्या. “तुमच्या कढईत पडतंय का भावजी? मग गप्प बसा!”

त्याचं म्हणणं मात्र खरं होतं. जुन्या बंदुकीला गंजापेक्षा मालकाचं प्रेम जास्त बाधतं. नळीवरून तेलाचा पुसट हात फिरवला की पुरे. जास्तीचं तेल ओघळून मागच्या लाकडी दस्त्यात मुरतं, लाकूड काळं पडतं, मऊ होतं आणि एक दिवस बार उडताना चिरतं. म्हणून बंदूक कपाटात ठेवायची तीही तोंड खाली करून. हे त्याने इतक्यांना इतक्यांदा सुनावलं होतं, की गल्लीतली पोरं छत्र्यासुद्धा तशाच ठेवत.

मग शिकारी संपले. कुणी गेले, कुणाच्या मुलांनी नको ती कटकट म्हणून बंदुका सरकारजमा केल्या. भिंतीवरच्या खोबणी एकेक करून ओस पडल्या. बायको गेल्यापासून वरच्या खोलीतला स्टोव्ह एका कपापुरता पेटायचा. उरली एक दुनळी, गुरांच्या डॉक्टरांची. मुलाकडे राहायला जाताना ते म्हणाले होते, “सांभाळ रे. येईन न्यायला.”

तो सांभाळू लागला. सकाळी पुसायची, दुपारी पुन्हा पुसायची. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले, घरोघरी हाका सुरू झाल्या, की फार सुनं वाटायचं. तेव्हा हात आपोआप तेलाच्या वाटीकडे जायचा. कपाटात तोंड खाली केली, की ती रुसल्यासारखी दिसे. म्हणून तिला सरळ उभी करून म्हणायचा, “झोप आता.”

डॉक्टर आले ते इथलं घर विकून कायमचं मुलाकडे जायला, आणि बंदूक न्यायला. त्यांनी ती हातात घेतली, नळीत डोकावले, खूश झाले. मग दस्ता जिथे लोखंडाला भिडतो तिथे अंगठा टेकवला. लाकूड दबलं. अंगठा तेलकट झाला.

डॉक्टरांनी बंदूक हुंगली. तोंड वाकडं केलं.

“तेल कमी,” ते हळूच म्हणाले.

म्हाताऱ्याला कुठे बघावं कळेना. आयुष्यभर लोकांना जे सुनावलं ते आज स्वतःच्या दुकानात उभ्याने ऐकावं लागलं. गल्लीला कळलं असतं, तर वर्षभर दुसरा विषय लागला नसता.

“काढतो ना तेल,” तो खाली मान घालून म्हणाला. “लोखंड सोडवून लाकडाला ओल्या खडूचा लेप द्यायचा आणि उबेला ठेवायचं. खडू तेल ओढतो, पिवळा पडतो. झटकायचा, नवा लावायचा. पांढरा राहिला की दस्ता कोरडा.”

“किती दिवस?”

“लाकडाला विचारा.”

“मग थांबतो तोवर. मुलाला कळवतो, काम अडलंय म्हणून.”

डॉक्टर दर रविवारी येऊ लागले. खडू बघायचा, मान हलवायची, खुर्ची ओढायची. मग जुन्या गोष्टी निघायच्या. रानडुक्कर समजून डॉक्टरांनी एका काळ्या छत्रीवर बार टाकला होता, ती छत्री दर रविवारी मरायची.

“छत्री हलत होती रे!”

“वारा होता, डॉक्टर.”

स्टोव्ह दोन कपांसाठी पेटायचा. सोमवार ते शनिवार म्हातारा दस्त्याला हात लावायचा तो खडू बदलण्यापुरताच. तेलाची वाटी त्याने फळीवर उंच ठेवून दिली होती.

एका रविवारी सकाळी त्याने दस्त्यावरचा फडका उचलला. खडू पांढराफटक. आदल्या दिवशी लावला तसाच.

 त्याने स्टूल ओढलं, गुडघ्यांना शिव्या देत वर चढला आणि वाटी खाली घेतली. बोटाचं टोक बुडवून त्याने खडूवर एक ठिपका दिला. लाकडापर्यंत पोचणार नाही, इतकाच. तेल कमी.

डॉक्टर आले. चष्मा पुसून वाकले. भोवती सगळा खडू पांढरा आणि मधोमध बोटाएवढा गोल पिवळा डाग. त्यांनी तो हुंगला. तेल ताजं होतं. त्यांनी म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहिलं. त्याने तो हात पाठीमागे नेला.

डॉक्टरांनी फडका नीट पांघरला आणि खुर्ची ओढली.

“अजून पिवळाच आहे की रे,” ते म्हणाले. “चहा टाक.”