कोटांमागचा जावई

लॉन्ड्रीवाल्या बाई कपड्यांवरून माणूस ओळखत. जावयालाही त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. रंगाचे शिंतोडे उडालेली पँट घेऊन हा रंगारी दुकानात आला, तो काउंटरकडे बघायचं सोडून दाराकडे बघत उभा.

"डाग जातील का?" त्यानं विचारलं.

डाग जातील रे बाबा, बाई मनात म्हणाल्या, तुझं काय करायचं? पुढे कळलं, की त्याच्या व्हिसाची मुदत केव्हाच संपली होती आणि पठ्ठ्या तसाच राहत होता. तोवर बाईंच्या एकुलत्या एका लेकीनं त्याच्याशी लग्नही करून टाकलं होतं.

मग त्याला देश सोडावा लागला, वर मुदतीबाहेर राहिला म्हणून काही वर्षं परत यायला बंदी. लेक थांबली. इस्पितळातल्या पाळ्या करत, फोन कानाला लावून थांबली. "फोनशी संसार चाललाय आमच्याकडे," बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. या माणसाला सोड म्हणून त्यांनी लेकीपुढे डोकं आपटलं, लेक ढिम्म.

बंदी संपल्यावर जावई राहण्याचा रीतसर परवाना घेऊन परत आला आणि दुकानावर, बाईंच्या शेजारच्या खोलीत लेकीबरोबर राहू लागला. अट एवढीच, की दोघांनी एकत्र राहायचं. लग्न निव्वळ कागदावरचं नाही ना, हे बघायला परवाना खात्याचं माणूस कधीही घरी येणार.

परवाना आला, पण कणा काही आला नाही, असं बाईंचं मत. रस्त्यानं चालला तर भिंतीला घासून. घंटी वाजली की बोलणं अर्ध्यावर टाकून गप्प, चालू नळसुद्धा बंद. एकदा तर कुरिअरवाल्याचा गणवेश पाहून स्वयंपाकघरात पळाला.

"जावईबापू," बाई म्हणाल्या, "तुमच्या चपला आल्या होत्या, सही करून घेतली हो मी. येऊ शकता बाहेर."

"सवय आहे, आई," तो ओशाळून म्हणाला.

"सवयी तरी जरा बऱ्या लावून घ्यायच्या!"

एके दिवशी दुपारी लेक कामावर होती. जावई दुकानात धुतलेल्या कोटांवर प्लॅस्टिकची आवरणं चढवत होता. दार उघडलं आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक अनोळखी स्त्री आत आली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. जावई गायब.

"मी परवाना खात्यातून आले आहे," पाहुणी म्हणाली. "मागच्या आठवड्यातही येऊन गेले. वर दिवा चालू होता, पण दार कोणी उघडलं नाही. तुमचे जावई इथे राहतात ना?"

बाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. मागच्या आठवड्यात हे महाराज दिवसभर घरातच लोळत होते!

"आज भेटले नाहीत, तर इथे राहत नाहीत असंच मला कळवावं लागेल. मग परवाना रद्द होतो. पुन्हा मिळणं कठीण."

टांगलेल्या कोटांच्या रांगेखाली दोन पावलं दिसत होती. बोटं आत वळवलेली, जणू तेवढ्यानं पाय लहान होणार होते. खिशात रीतसर परवाना असलेला धडधाकट पुरुष, लोकांच्या कोटांमागे! बाईंना किळस आली. त्यांनी फक्त "नाही बाई, पाहिला नाही" एवढं म्हणायचा अवकाश होता. ब्याद कायमची टळली असती. लेक रडली असती.

नुसती रडली असती का? पुन्हा फोन कानाला लावून बसली असती, म्हातारी होईपर्यंत. किंवा त्याच्या मागोमाग बॅग भरून निघून गेली असती.

बाई तरातरा गेल्या आणि कोट बाजूला सारले.

"अरे नीघ बाहेर! गाढवा, परवाना आहे ना तुझ्याकडे? मग उंदरासारखा लपतोस कशाला?"

जावई बाहेर आला. खिशातून काढून त्यानं परवाना पुढे केला.

"घरी होतात, तर दार का नाही उघडलं?" पाहुणीनं विचारलं.

"तो काय सांगणार?" बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "आधी चोरासारखा राहिला, आता साव झालाय ते त्याच्या पायांना कोण सांगणार? सगळं असंच याचं. ओला टॉवेल गादीवर टाकतो. लेक माझी रोज ओरडते, रोज टाकतो. खाली अख्खी लॉन्ड्री आहे, तरी बायकोचा गणवेश म्हणे मीच इस्त्री करणार. दोन कॉलर जाळल्या! ती रात्रपाळीहून आली की तिचे पाय चेपत बसतो आणि तिच्याआधी स्वतःच घोरायला लागतो. भिंतीतून ऐकते ना मी! असला हा नग. कुठून शोधून आणला देव जाणे."

पाहुणी वर जाऊन खोली पाहून आली. गादीवर टॉवेल होता. तिनं ओठ दाबून हसू आवरलं.

"एकत्र राहतात असं मी कळवते," ती निघताना म्हणाली. "दाखवण्यापुरत्या जावयाला एवढं कोणी बोलत नसतं."

दार बंद झालं. जावई खाली वाकून बाईंच्या पायांकडे हात नेऊ लागला.

"पुरे! नाटकं नकोत," बाई मागे सरल्या. "उद्यापासून काउंटरवर तुम्ही उभे राहायचं. ताठ. येईल त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायचं. आणि ते कोट पुन्हा इस्त्रीला टाका. सगळे चुरगाळून ठेवलेत."

"हो, आई."

"हो काय हो! हलवा हात."