गढीतली बाई आणि दाराबाहेरचे बूट

ओमानमधल्या सोहारच्या ज्या शाळेत मी इतिहास शिकवते, तिथे या वर्षी धर्मयुद्धांचा धडा आला. पुस्तकात स्वाऱ्या आहेत, राजे आहेत. मागे राहिलेल्या सरदारणींवर एखादी ओळ. मी मात्र त्यावर अख्खा तास घेतला, कारण आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सरांनी तसाच घेतला होता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सरांनी दिलेलं मी वाया जाऊ देत नाही.

मुलांना सांगितलं, नवरा जेरुसलेमकडे निघाला की गढीच्या किल्ल्या बायकोकडे येत. शेतसारा, न्यायनिवाडा, कोठारातलं धान्य, सगळं ती बघायची, पण त्याच्या नावाने. तो मेल्याची कुणकुण लागली, तर शेजारचे सरदार गढी बळकावायला टपलेलेच असत. आणि निरोप यायला महिनोन् महिने लागत.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "टीचर, निरोप सांगायला कोणी परतलंच नाही तर?"

मी फळा पुसायला वळले.

माझे मिस्टर स्टील प्लांटमध्ये इंजिनिअर. थोड्या दिवसांच्या कामासाठी दुसऱ्या देशात गेले आणि तिथे लढाई पेटली. तेव्हापासून फोन बंद. कंपनीलाही काही कळत नव्हतं. गावाहून दीर सारखे सांगत होते, घर सोडा, मुलीला घेऊन इकडे या. त्यांचं चुकत नव्हतं. पण मी घर सोडलं, तर मिस्टर आता परत येत नाहीत हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. घरात आम्ही दोघीच आहोत हे जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला कळू नये, म्हणून त्यांचे जुने सेफ्टी शूज मी दाराबाहेर ठेवले होते.

त्या दुपारी जिना चढून आले, तर बुटांवर काळी धूळ, नाड्या सुटलेल्या. हातातल्या वह्या पायऱ्यांवर पडल्या. कुलूप काढून "अहो, अहो" करत मी स्वयंपाकघरात गेले, बाथरूमचं दार ढकललं, गॅलरीत पाहिलं. बाहेरून कुलूप होतं, म्हणजे आत कोणी नसणार, हे मला सुचलंच नाही.

आवाज ऐकून खालच्या मजल्यावरची रत्नागिरीची शेजारीण वर आली.

"बाय, बुटांवर इतके दिवस जिन्याचीच धूळ बसलेली. ते कोणी घालत नाही हे कोणालाही कळलं असतं. म्हणून आज ह्यांना घालून पाठवलं पोर्टात. चावले हो त्यांना."

"मला वाटलं, हे आले," मी म्हटलं. तेव्हा तिला कळलं. तिने पायऱ्यांवरच्या वह्या गोळा करून आणल्या.

संध्याकाळी दिरांचा फोन आला. "भावजी, तिकिटं काढू नका," मी म्हटलं.

"वहिनी, पण कुठवर?"

फोन ठेवून मी बाहेर गेले आणि बूट होते तसेच, धुळीसकट, दाराशी नीट लावून ठेवले.