कूप आटोपल्यावर सूयाकचा कडा

माझे चुलते नंदलालकाका आमच्या बेटाच्या उत्तरेकडच्या त्रियोले गावचे. आठवड्याचे सहा दिवस साखर कारखान्याच्या मळ्यात ऊस तोडायचे आणि रविवारी स्वतःच्या दोन एकरांत. ऊसतोडणीच्या हंगामाला आमच्याकडे कूप म्हणतात. घराची गळती, मुलीचं लग्न, अगदी दातदुखीसुद्धा कूप आटोपल्यावरच बघायची असते. काका तर या बाबतीत महाहट्टी.

इंद्राणीकाकी बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सूयाकची. तिकडे लाटा थेट कड्यावर येऊन आदळतात. आमच्या उत्तरेकडचा दर्या त्यापुढे अगदीच गरीब. त्या कड्यावर एकदा पुन्हा उभं राहायचं, एवढंच तिनं लग्नानंतर मागितलं होतं. काका दर वर्षी म्हणायचे, कूप आटोपू दे. ती आटोपली की तुफानांचे दिवस यायचे, मग लावणी, खुरपणी आणि पुन्हा कूप. अशी तीस वर्षं गेली.

१९८३च्या जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की मधुमेहानं काकीची नजर वर्ष संपेपर्यंत जाईल. मी काकांना म्हटलं, उद्याच घेऊन जा. पण त्यांना बेत नीट आखायचा होता. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी वाटेत बदलायच्या तिन्ही बसच्या वेळा लिहिल्या, पाणी किती, रोट्या किती, वाटेत कुठं बसायचं तेही लिहिलं. ऑगस्टमध्ये जन्मात पहिल्यांदा कूप चालू असताना खाडा केला आणि एकटेच कड्यावर जाऊन आले. चढ कुठं निसरडा आहे, सगळं पाठ करून आले. म्हणाले, वाट वाळू दे, डिसेंबरात जाऊ. त्या दिवशी तिलाच सोबत नेलं असतं तर? मला अजून त्यांचा राग येतो, आणि राग आला की वाईटही वाटतं.

नोव्हेंबरात काकीला समईची ज्योतही दिसेनाशी झाली.

तरी डिसेंबरात आम्ही तिघं निघालो. बेत कुठंच चुकला नाही. काकांनी हाताला धरून, एकेक पाऊल सांगत तिला वर नेलं.

वर वारा अंगावर आला तसं काकीनं विचारलं, दर्या कसा दिसतोय. काका उतरायच्या वाटेबद्दलच बोलू लागले.

"वाट नको," ती म्हणाली. "दर्या सांगा."

"मला दर्या सांगता येत नाय. एकटा आलो त्या दिशी बी मी दर्याकडं बघितलाच नाय. तुझा पाय कुठं पडंल, तेवढाच बघत होतो."

मग हात लांब करून काकीच सांगू लागली. तिथं काळा खडक, त्याच्यावर पांढरा फेस, उजवीकडं नदीचं मुख, टोकाला वाकलेलं सुरूचं झाड. ती बोट दाखवायची, काका तिकडं बघायचे आणि म्हणायचे, "हाय."

टोकाला झाड नव्हतं, नुसता बुंधा उरला होता. काका त्यालाही "हाय" म्हणाले.