नाकमावशींची बादली

दूध करपलं होतं. पातेलं खिडकीत ठेवून मी मुलीची वेणी घालत होते, नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता, तेवढ्यात दारावर टकटक झाली. ती महिनाभराने ऐकू आली, तरी आम्ही सगळ्यांनी ओळखली.

"नाकमावशी आल्या! बाबा, मोजे लपवा!" मुलगी ओरडली.

समुद्राकाठची आमची गल्ली जुनी. भिंती चुन्याच्या, वारा खारा, कपाटं आतून कायम दमट. अशीच घरं मावशी पंचवीस वर्षं साफ करताहेत. उंबऱ्यात उभं राहून एक लांब श्वास घ्यायचा आणि सांगायचं, "ताई, डावीकडच्या खोलीत कपाटामागे बुरशी धरलीय." आपण म्हणावं, छे! कपाट सरकवलं की काळे ठिपके हजर. मग भिंतीला सोड्याचं पाणी, लाकडाला पाण्यात कालवलेलं व्हिनेगर. "चुन्याला आंबट लावायचं नाही, भिंत खाल्ली जाते," हे त्यांनी मला शंभरदा बजावलंय. कपाट परत ठेवायचं ते भिंतीपासून वीतभर पुढे. त्याआधी पुन्हा वास घ्यायचा. नाक हो म्हणेपर्यंत खोचलेला पदर सुटत नाही.

त्या सकाळी मावशी उंबऱ्यात थांबल्याच नाहीत.

"अगं, घरभर करपट वास सुटलाय आणि तुझं नाक गप्प?" सासूबाईंनी टोमणा मारला.

मावशी हसल्या. "हो ना, भाजी लागली वाटतं."

मी चरकले. करपलेलं दूध आणि लागलेली भाजी यांत मावशींची गल्लत? मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं.

"मावशी, खरं सांगा."

त्या कपाटाच्या मुठीशी चाळा करत राहिल्या. "महिना झाला, ताई. साबण कळत नाही, घासलेट कळत नाही. नातवाच्या टाळूला नाक लावलं, तरी काही नाही."

"मग सर्दी झालीय असा निरोप का पाठवलात?"

"दुसरं काय सांगू? नाक गेलेल्या नाकमावशीला कोण बोलावणार?"

"पण झालं कशाने?"

"तुमच्याकडे शेवटची आले ना, त्या दिवशी. याच कपाटात डोकं घालून पुसत होते. बादलीतून असं काही वर आलं की छातीत आग पडली. व्हिनेगर असं कधी करत नाही. म्हटलं, माझ्याच हातून काही चुकलं."

त्या दिवशी मावशी फडकी आणायला अंगणात गेल्या, तेव्हा मी त्यांच्या बादलीत दोन चमचे ब्लीचिंग पावडर टाकली होती. त्यांना मदत म्हणून! कॉलेजात तीन वर्षं रसायनशास्त्र शिकलेली मी. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन सुटतो, या उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

"मावशी, चूक तुमची नव्हती." पुढचं सगळं मी एका दमात सांगितलं. 'जोर यावा म्हणून' हे शब्द माझे मलाच ऐकवेनात.

त्या स्टुलावर बसल्या. माझ्याकडे बघत होत्या, पण रागाने नव्हे, आणि तेच सोसवेना.

"पंचवीस वर्षांत माझ्या बादलीत कुणी हात घातला नव्हता, ताई."

"आजच नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी नेते. परत येईल ना हो वास?"

"मला काय विचारता? शिकलेल्या तुम्ही."

त्यांनी उठून पदर खोचला. "जाऊ डॉक्टरकडे. पण आलेच आहे तर एवढी भिंत होऊ दे. धरा तिकडून."

आम्ही कपाट ओढलं. बादली भरून त्यांनी या वेळी पायाशीच ठेवली. सोड्याचं पाणी, ब्रश, कोरडं फडकं, उघडी खिडकी. ठिपके गेले. मग सवयीने त्या भिंतीशी वाकल्या, श्वास आत घेतला आणि तशाच थांबल्या.

सरळ होऊन त्यांनी मला जागा करून दिली.

"ताई, इथे तुम्ही वास घ्या. आणि काय येतंय ते मला खरं सांगा."