केसरीनाथदादा जपानला जाऊन आले

काल्हेरच्या केसरीनाथदादांना कशाची भीती वाटते असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. भर ओहोटीत गाळात रुतलेली होडी त्यांनी एकट्याने ओढून काढलेली मी पाहिली आहे. पण हा एवढा दांडगा माणूस एका बाबतीत अगदीच कच्चा होता. वाईट बातमी त्यांच्या तोंडून निघत नसे. बैल मेला तरी घरात येऊन 'जरा बरा न्हाय' एवढंच सांगायचे. गुणावहिनी गोठ्यात जाऊन बघायच्या, तेव्हा काय ते कळायचं.

मी त्यांच्या गावच्या शाळेत मास्तर. राहायला भिवंडीत धामणकर नाक्यावर, पण जीव सगळा काल्हेरात. दादांचा मुलगा मोरेश्वर, म्हणजे मोरू, माझा विद्यार्थी. त्याला कापडाच्या यंत्रांचं इंजिनियरिंग शिकवा हे मीच दादांच्या डोक्यात भरवलं. आमच्या भिवंडीत घरोघरी लूम खडखडतात, शिकेल आणि इथेच कारखाना टाकेल, असं माझं गणित. पोरगा शिकला आणि एक्क्याण्णव साली लूम बनवणाऱ्या एका कंपनीत थेट जपानला गेला. एका वर्षाचं ट्रेनिंग होतं, त्याची पुढे नोकरी झाली. माझं गणित तिथेच चुकलं, पण ते कबूल कोण करतो?

ब्याण्णवच्या गणपतीत मोरू घरी आला. दिघाशीचे दौलत हे दादांचे जुने मित्र. त्यांची मुलगी सुचेता तिथल्या बालवाडीत शिकवायची. मोरूने तिला पाहिली, हसून मान हलवली, आणि तो परत जायच्या आत साखरपुडा उरकला. लग्न पुढच्या मे महिन्यात करायचं ठरलं. तो मे आला नि गेला. मोरूचं पत्र आलं की कामातून सुट्टी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सुचेता पंचविशीला आली. तिच्या पाठच्या बहिणीला मागणी आली की दौलत हात जोडून म्हणायचे, थोरलीचं होऊ द्या. बिचारे एका शब्दाने दादांना बोलत नव्हते, आणि दादांना तेच जास्त लागत होतं.

पंच्याण्णवच्या एप्रिलात दादांनी जाहीर केलं की आपण स्वतः जपानला जाणार आणि लग्नाची तारीख घेऊनच येणार. तोवर त्यांच्या शेतांवर भाड्याची गोदामं उभी राहिली होती, त्यामुळे तिकिटाची अडचण नव्हती. वहिनींनी पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुके सोडे भरून दिले. मी त्यांना इंग्रजीतली चार वाक्यं शिकवली. ती तिथे कुणालाच कळली नाहीत, हे त्यांनी आल्यावर मला चारचौघांत ऐकवलं.

आता त्या घरची एक रीत सांगितली पाहिजे. जेवताना वाकडा विषय काढायचा नाही. बाहेर आग लागली असली तरी जेवणाऱ्याच्या घशात घास अडकेल असं बोलायचं नाही. भांडायला आलेल्यालासुद्धा आधी पानावर बसवायचे आणि हात धुतल्यावर 'आता बोल' म्हणायचे. मोरू ह्या रीतीत वाढलेला. त्याने बापाला जपानात नऊ दिवस नुसतं खाऊ घातलं.

दादांनी तारखेसाठी तोंड उघडलं की मोरू खाण्याच्या दुकानात शिरायचा. भातावर ठेवलेला कच्चा मासा खाल्ला. दादांचं मत पडलं की मासा एकदम ताजा होता, फक्त चूल पेटवायचा कंटाळा केलेला दिसत होता. निखाऱ्यावर भाजलेली वाम खाल्ली, तिच्यावरचा गोड रस त्यांना पसंत पडला नाही, पण काटे काढणाऱ्याचा हात त्यांनी वाखाणला. माखलीच्या जातीच्या माशाचे तुकडे घातलेली गोल गरम भजी खाताना टाळू पोळली. तार सुटणारे आंबवलेले सोयाबीन मात्र त्यांनी डोळे मिटून गिळले, कारण पानात टाकायची सवय नाही. प्रत्येक वेळी पान रिकामं झालं की पुढचं पान येई. हॉटेलातून बाहेर पडावं तर मोरू रस्त्यावरच हातात काडीला लावलेलं काहीतरी देई. ना पाट्या वाचता येत, ना कुणाशी बोलता येत. मुलाचा हात सोडला तर आपण घरी कसे पोचणार हेही ठाऊक नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस पोराच्या शर्टाला धरून चालत होता आणि खात होता.

सातव्या दिवशी मोरूने त्यांना एका मोठ्या करमणुकीच्या बागेत नेलं. मे महिन्याच्या सुट्ट्या होत्या, तोबा गर्दी. रोलर कोस्टरच्या रांगेत दोन तास उभं राहावं लागलं. दादा त्याला रुळांवरचा पाळणा म्हणतात. रांगेत मोरूने खाऊ घातलंच, पण पाळण्यात काही खायला न्यायची मनाई होती. दादांनी मनाशी पक्कं केलं की पोरगा आता सापडला. दोघं शेजारी शेजारी बसले, छातीवर लोखंडी दांडा येऊन बसला आणि गाडी करकरत चढ चढायला लागली. दादांनी खाली पाहिलं नाही. त्यांनी सरळ विचारलं, "मोरू, सुचेताच्या लग्नाची तारीख दे. दौलतला मी काय सांगू?"

मोरूने मान वळवून बापाकडे पाहिलं. गाडी अगदी टोकाशी आली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मी लगीन केलंय. दोन वर्सं झाली. ती माहेरी गेलीय, तुमी येनार म्हनून मीच धाडली."

दादा उठायला गेले. दांडा हलला नाही. आणि गाडी खाली सुटली.

हे सगळं त्यांनी मला शाळेच्या ओट्यावर बसून सांगितलं, परत आल्यावर पंधरा दिवसांनी. खाली उतरल्यावर मोरू रडला. आईला आणि दिघाशीला तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होणार नाही, म्हणाला. उरलेले दोन दिवस पुन्हा खाणं झालं. बाप मुलासमोर बसून मुकाट्याने जेवला. "मास्तर, थापड मारायला हात उचलला व्हता," दादा म्हणाले, "पन तो रडत व्हता न् मना घरचा रस्ता म्हायती न्हवता." ते ऐकून मला मोरूचा इतका संताप आला की समोर असता तर मीच त्याला बडवला असता.

मी म्हटलं, दादा, दिघाशीला आजच कळवू, हवं तर मी जातो. त्यांनी माझा हात धरला आणि थांबा म्हणाले. पोरगा कदाचित विचार बदलेल, वहिनींचा रक्तदाब वाढेल, गणपती तेवढे होऊ देत. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. मी पोरांना रोज खरं बोलायला शिकवतो, पण दिघाशीच्या बसमध्ये बसायची माझीही छाती नव्हती.

त्यातच वहिनींना दादांच्या पिशवीत एक फोटो सापडला. त्या बागेत उतारावर कुठेतरी कॅमेरा बसवलेला असतो, आणि बाहेर पडेपर्यंत आपला फोटो तयार असतो. काउंटरवरच्या बाईने तो पुठ्ठ्याच्या चौकटीत घालून दादांच्या हातात ठेवला, आणि नको कसं म्हणायचं हे त्यांना माहीत नव्हतं. फोटोत दादांचं तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले, दोन्ही हात दांड्याला घट्ट, शेजारी मोरू. वहिनी तो बघून पोट धरून हसल्या. त्यांनी त्याला काच लावून घेतली आणि एकवीरा आईच्या तसबिरीशेजारी टांगला. येईल त्याला दाखवायच्या, बघा आमच्या वाघाचं काय झालं. आलेला माणूस हसे आणि दादाही हसत. गणपतीपर्यंत मी हे बघितलं. त्यांना हसताना बघणं मला जड जात होतं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दौलत मुलीला घेऊन दर्शनाला आले. मीही तिथेच होतो. आरती झाली, चहा आला आणि वहिनींनी फोटो खाली काढून आणला. दौलत मोठमोठ्याने हसले. व्याह्यांची चांगली जिरली, म्हणाले. फोटो सुचेताच्या हातात गेला. ती हसली नाही. खूप वेळ बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "गाडीत सगले पुढं बघतात. हे एकटे तुमच्याकडं बघतात." तिने मान वर केली. "काय बोलले ते तुमाला?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोदकांच्या ताटाकडे पाहिलं. दौलतच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं.

"तेनं लगीन केलंय, पोरी," दादा म्हणाले. "दोन वर्सं झाली."

वहिनी भिंतीला धरून खाली बसल्या. कुणी त्यांच्याकडे वळलं नाही, कारण सगळे सुचेताकडे बघत होते. तिने फोटो उलटा करून चटईवर ठेवला आणि दादांना विचारलं की हे त्यांना कधी कळलं. दादांनी मे महिना सांगितला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, त्यातच तिला उत्तर मिळालं.

"तीन वर्सं तेंनी नेली," ती म्हणाली. "चार महिने तुमी दोघांनी."

आणि वडिलांच्या चपला शोधायला ती ओटीवर गेली.