काढ्याआधीची कळ

नोकरीत किती पंचनामे केले ते विसरलो, पण कुंभारवाड्याचं ते खळं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. सुप्याच्या रानात तेव्हा मोटारीचं नाव नव्हतं. मी तिथल्या चौकीचा फौजदार होतो.

मळणीचे दिवस होते. सकाळीच गावचा पोलीस पाटील घाम पुसत आला. "सायेब, बायकूनं नवऱ्याला इख घातलंया. जीव हाय अजून, पर वाचा गेली." देवीची लस टोचायला आलेले सरकारी डॉक्टर चौकीतच चहा पीत होते. त्यांना तसंच बैलगाडीत घातलं.

नवरा खळ्यावरच्या मांडवात, रात्री राखणीला झोपला होता तिथेच, घोंगडीवर पडला होता. पापण्या मिटलेल्या, तोंडातून लाळ, हातपाय लुळे. बायकोला गावाने खांबाशी बसवून ठेवलं होतं. सासू मला पाहताच उसळली, "हिनं पहाटं काढा पाजला सायेब, त्यानंच डोळं मिटलं त्याचं. न्या हिला!"

"व्हय, पाजला," सून म्हणाली. "पोटात कळ आली म्हणून हे घराकडं आलं, तवा कुड्याच्या सालीचा करून दिला. पिऊन परत राखणीला गेलं."

"खोटं! काढ्यानंच कळ आली!"

कळ आधी की काढा आधी? सगळी फिर्याद एवढ्यावर अडली होती, आणि पहाटे घरात त्या दोघांखेरीज कुणी जागं नव्हतं. नवरा दगावला असता तर बाई फासावर गेली असती.

डॉक्टर म्हणाले, "धोतरा घातला असता तर हा बरळला असता. नाग, मण्यार यांचं विष स्नायूंना मेंदूचा हुकूमच पोचू देत नाही. आधी पापण्या जातात, मग जीभ, शेवटी श्वास. पण माणूस आतून शुद्धीवर असू शकतो. कदाचित ऐकतही असेल."

म्हणजे बायकोला घातलेली प्रत्येक शिवी तो ऐकत होता! मी त्याच्या मुठीत माझं बोट दिलं. "हो असेल तर दाब. काढ्याच्या आधी कळ आली होती?"

दाब आला. तान्ह्या पोराने धरावं एवढाच, पण आला. मी उलटा प्रश्न टाकला, "काढा प्याल्यावरच दुखू लागलं?" हात निपचित. पहिला पुन्हा विचारला, पुन्हा दाब.

"खळ्यावर साप कुणी पाहिला?"

दोघा-तिघांनी घाईने धान्याच्या राशीला हात जोडले. रास पुजून घरात येईपर्यंत खळ्यावर सापाचं नाव काढायचं नाही, असा त्यांचा रिवाज. "अरे, रास खायला माणूस तरी उरू द्या!" मी ओरडलो.

शेवटी सासूच रडत म्हणाली, "परवा पेंढ्यात दिसलं हुतं लांबडं. काळं, पांढऱ्या पट्ट्याचं. पर ह्याला सूज न्हाई, दाताची खूण न्हाई, मला वाटलंच न्हाई."

डॉक्टरांनी सांगितलं, मण्यार चावली तर झोपलेल्याला पुष्कळदा कळतही नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात कळ तेवढी उठते. आम्ही पेंढा काठीने उपसला, तर ती खाली वेटोळं घालून होतीच.

त्या काळी आमच्याकडे त्यावर औषध नव्हतं. डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवून लाळ पुसत राहायला सांगितलं. श्वास मंदावला की उताणा करून दोन्ही हात डोक्यामागे ओढायचे, परत आणून छातीवर दाबायचे. एक हात सुनेने धरला, दुसरा सासूने. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण हात बरोबर चालत होते.

दोन-तीन दिवसांनी पापण्या उघडल्या. जड जिभेने तो पहिलं वाक्य बोलला, "काढा लई कडू हुता सायेब, पर इख न्हवतं." मांडवात हशा पिकला. बायको तेवढी ढसाढसा रडली.

तेव्हापासून 'कुणी केलं' याच्या आधी 'आधी काय झालं' हे मी विचारू लागलो. आणि डोळे मिटलेल्या माणसापाशी जपून बोलू लागलो.

पुढे उळवीच्या जत्रेत बंदोबस्तावर असताना ती मंडळी भेटली. सासू पोट धरून बसली होती. मी चिडवलं, "काय अव्वा, पुन्हा फिर्याद?"

"न्हाई सायेब," ती कण्हत म्हणाली आणि सुनेकडे वळली, "बाई गं, तुझा काढा हाय न्हवं गठुळ्यात? दे मला."

सुनेने वाटी पुढे केली. म्हातारीने माझ्यादेखत ती एका दमात रिकामी केली.