मागं कोण उभं?

राखणबाईंनी दाराकडे पाठ केलेली मी कधीच पाहिली नाही. गावच्या वाचनालयात रविवारी बायकांचं वाचन चाले. मी ग्रंथपाल, कादंबरी मोठ्यानं वाचायची आणि चर्चा वहीत नोंदवायची, हे माझं काम. बाई भिंतीला टेकून, दारावर डोळे ठेवून ऐकत. अक्षर येत नव्हतं, पण गोष्टीतलं एकही झाड विसरत नसत.

राखणबाई हे नाव त्यांना मोहफुलांनी दिलं. रानात फुलं वेचायला वाकलेली बाई वाघाला जनावर वाटते. म्हणून बाकीच्या वाकल्या की एकीनं उभं राहून चारी बाजूंना पाहायचं, हा बाईंचा नियम. ते काम बहुतेक त्याच घेत. मोबदला म्हणजे प्रत्येकीची ओंजळभर फुलं. "माह्या टोपल्यात कमी, पन साऱ्याजनी घरी," त्या म्हणत.

त्या वर्षी मी बाई आणि रान या विषयावरच्या कादंबऱ्या निवडल्या. केनिया, ब्राझील, केरळ. वहीत रकाने पाडले: देश, नायिका, नदी की झाड. ब्राझीलची नायिका एकटीच रानात शिरते, झऱ्यावर वाकून पाणी पिते आणि तिची सगळी भीती गळून पडते. ते पान मी दोनदा वाचलं.

"मॅडम, ते वाकली तवा तिच्या मांगं कोन उभं होतं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. रान म्हणजे तिची आईच, असं लेखिकेला म्हणायचंय."

"माय तं आपलीबी हाय. पन मायच्या घरी वाघ राह्यते ना जी!"

बायका खदखदून हसल्या. मी चौथा रकाना पाडला: मागं कोण उभं? बहुतेक पुस्तकांपुढे तो रिकामाच राहिला.

एप्रिलमध्ये बाई घरी आल्या. "सून बाळंत झाली. यंदा मलेच वेचा लागते. उद्या सकाळी तुमी चाला, फकत उभं राहा."

पुस्तकांची मोजणी आहे, मी म्हटलं.

"भेव वाट्टे तं तसं सांगा ना. मलेबी वाट्टे."

मी पुन्हा मोजणीचंच सांगितलं.

सकाळी बाई आणि आणखी दोघी, अशा तिघीच गेल्या. तिघींनाही टोपलं भरायचं होतं, तिघी वाकल्या. मी तिसरं कपाट तपासत होते, तेव्हा खिडकीतून माणसं रानाकडे धावताना दिसली. दोघी परत आल्या.

वाचन अजून चालतं. एक जण दाराशी उभी असते; पाळ्यांची यादी मीच करते. वहीत नायिकांच्या रकान्यात शेवटचं नाव राखणबाईंचं आहे. त्यांच्यापुढचा चौथा रकाना कोरा आहे. तो भरायला मी वहीवर वाकते, आणि लिहिण्याआधी मागे वळून पाहते.